उतारावरचा वाळा

राजनंदिनीला पुरलं ते माघाच्या कोरड्या दिवसांत. त्या उतारावरून पावसाचं पाणी कसं धावतं, याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

सविता आणि अजिनाथ त्या वर्षी ऊसतोडीला गेले होते, लांब नदीकाठच्या एका कारखान्यावर. दिवाळी झाली की पाथर्डीकडची अर्धी वस्ती रिकामी होते, तशीच ही दोघंही लग्न झाल्यापासून दरवर्षी जात. त्यांची पोर राजनंदिनी अजून अंगावर पीत होती, म्हणून बरोबर होती. थंडीत उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपून तिला सर्दी झाली, मग ताप आला, मग छाती घरघरायला लागली. तिथल्या गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि ताबडतोब शहरात न्या म्हणाले. शहराची वेस दिसायच्या आधीच जीपमध्ये, सविताच्या मांडीवर, ती घरघर थांबली.

बरोबरच्या बायका म्हणाल्या, लहान लेकरू आहे, इथंच काठाला ठेवा. सविता ऐकेना. "परक्या मातीत न्हाई ठेवायची," एवढं एकच ती म्हणत राहिली. शेवटी मुकादमाने गाडी दिली आणि पोरीला पदरात गुंडाळून दोघं घरी आली.

त्यांचं घर डोंगराच्या अगदी पायथ्याला. घराला लागून बाजरी-ज्वारीची एक पट्टी, आणि पट्टी संपली की लगेच उतार चढायला लागतो, इतका उभा की शेरडंसुद्धा तिरकी चढतात. जागा शोधली ती अजिनाथच्या वडिलांनी, सूर्यभानने. घरात त्याला तात्या म्हणत. उताराच्या साधारण मध्यावर सीताफळाच्या एका झुडपाजवळ ओट्याएवढी सपाट जागा होती. तिथला मुरूम मऊ होता, आणि ती जागा घराच्या दारातून दिसायची. सूर्यभानने स्वतः खड्डा घेतला. अजिनाथच्या हातून कुदळ चालेना.

त्याच उन्हाळ्यात वर डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्यांसाठी कच्चा रस्ता निघाला. मशीनने माती कडेला ढकलली, आणि माथ्यावरचं जे पाणी पूर्वी चारी अंगांनी पांगत असे, ते आता रस्त्याच्या कडेने गोळा होऊन नेमकं ह्यांच्या उतारावर सुटायला लागलं. आषाढातल्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतर सविता वर गेली तेव्हा सीताफळाच्या वरच्या अंगाला जमिनीत एक भेग होती. बोट जाईल एवढी. आठवड्याने तिच्यात हात जायला लागला. झुडपाच्या खालच्या बाजूची माती तर सुटूनच गेली होती, आणि ती सपाट जागा आता खाली आधार नसलेल्या कड्यासारखी पुढे आली होती.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. दगड वेचून त्या कड्याखाली रचायला सुरुवात केली. सूर्यभानने ते पाहिलं आणि तोही दगड द्यायला लागला. पण पुढच्या पावसात ती रचलेली भिंत पोटातून फुगली आणि अर्धे दगड खाली रानात येऊन पडले. तेव्हा सूर्यभान म्हणाला की हे दगडाचं काम नाही, मुळ्यांचं काम आहे, आणि दुसऱ्या दिवशी तो गावात जाऊन कृषी सहाय्यक बाईंना घेऊन आला.

निकिता मॅडम तिशीच्या आतल्या होत्या. त्यांनी पायातले सँडल खाली काढून ठेवले आणि अनवाणी उतार चढल्या. भेगेत काडी घालून पाहिली, वर रस्त्यापर्यंत जाऊन पाणी कुठून सुटतं ते पाहिलं, मग सविताशेजारी दगडावर बसून तिला काय लावायचं मनात आहे ते विचारलं.

सविता म्हणाली, "चाफा."

"चाफा का?"

सविता पायाजवळचा एक दगड उचलून बाजूला ठेवायला लागली. मॅडमनी आग्रह केला नाही. त्यांनी समजावून सांगितलं की चाफा सुंदर झाड आहे, पण इथं नको. उभ्या उतारावर मोठं झाड म्हणजे वरून टाकलेलं ओझं. ओली माती त्याला पेलत नाही आणि वारा आला की ते स्वतःबरोबर सगळंच उपटून नेतं. चाफा पायथ्याला लावा. वर लागतं ते हलकं आणि खोल मुळांचं. मधल्या सगळ्या उतारावर आडव्या ओळींनी गवत, ओळींच्या मध्ये निर्गुडीच्या काड्या खोचायच्या, कारण ती काडीनेही जगते आणि शेरडं तिला तोंड लावत नाहीत. दोन्ही कडांना घायपात, म्हणजे जनावरं आत शिरणार नाहीत. सीताफळ आहे तसं ठेवा, फक्त त्याचा वरचा भार छाटा. आणि ह्या सगळ्याच्या आधी माथ्याखाली एक तिरका चर खणून रस्त्याचं पाणी बाजूच्या ओढ्याकडे वळवा.

"गवत कंचं?" सूर्यभानने विचारलं.

"वाळा," मॅडम म्हणाल्या. "त्याच्या मुळ्या सरळ खाली जातात, पुरुषभर खोल. एकदा धरला की उन्हाळ्यात वरून वाळला तरी आतून मरत नाही."

वाळा म्हटल्यावर सविताने चटकन वर पाहिलं. पोरीच्या पायात बारशाचे वाळे होते. पुरताना ते काढू नका, असं तिनेच सांगितलं होतं.

मग मॅडम उठल्या आणि सीताफळाजवळच्या त्या पुढे आलेल्या कड्यावर हलकेच पाय दाबून म्हणाल्या की एक काम मात्र टाळता येणार नाही. हा कडा तोडून उतार मागे घ्यावा लागेल. हा असाच लोंबता ठेवला तर तुम्ही यावर काहीही लावा, मुळ्या खोल जायच्या आत तो सगळं घेऊन खाली येईल.

"ती जागा न्हाई तोडता यायची," सविता म्हणाली.

"ताई, तीच तर मुख्य—"

"न्हाई तोडता यायची." आणि ती उतरून घरात गेली.

तिच्या नकाराचं कारण मग सूर्यभानने सांगितलं. मॅडमनी ऐकताक्षणी त्या कड्यावरचा पाय मागे घेतला. जाताना त्या दारात थांबल्या आणि सविताला म्हणाल्या की आपल्याला माहीत नव्हतं. पण खोटा दिलासाही त्यांनी दिला नाही. वाळ्याला खोल जायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर पाऊस बेताचा पडला तर कडा राहील, जास्त पडला तर राहणार नाही. आणि जायच्या आधी अगदी हळू आवाजात त्यांनी एक सुचवलं, की पोरीला तिथून खाली चांगल्या जागी हलवता येईल.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर अजिनाथनेच तो विषय काढला. पोर गेल्यापासून तो फार कमी बोलायचा.

"हलवू तिला," तो म्हणाला. "मी आन् तात्या करू. तू नको यिऊ."

सविताने खरकटी ताटं गोळा करायची थांबवली. "एकदा मातीत दिली, आता परत उकरायची? काय हाती यील तुमच्या? मला ती डोळ्यापुढं हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

"कडा गेला तर?"

"न्हाई जाऊ द्यायची मी."

अजिनाथ बापाकडे पाहत राहिला. सूर्यभान म्हणाला की आई नाही म्हणते तर नाही. मग अजिनाथ उठून अंगणात गेला, आणि त्या घरात पुन्हा तो विषय निघाला नाही.

चर सूर्यभान आणि अजिनाथने खणला, आणि कड्याच्या डाव्या-उजव्या अंगाचा उतारही तासून मागे घेतला. वाळ्याचे ठोंब मॅडमनी रोपवाटिकेतून पोत्यात घालून टेम्पोने पाठवले. सविताने एकेक ठोंब फोडून, शेंडा छाटून, उतारावर दोरी आडवी धरून वीतवीतभर अंतराने लावला. सूर्यभान खालच्या अंगाला निर्गुडीच्या काड्या खोचत चालला. कड्यावर मात्र ती कुणाला येऊ देत नसे. तिथले ठोंब तिने पोटावर पालथं झोपून, खालून हात घालून, मातीला धक्का लागणार नाही असे एकेक बसवले. श्रावण सरेपर्यंत ओळींना हिरवे कोंब आले. त्या वर्षी पाऊस बेताचाच पडला. भेग बुजली नाही, पण वाढलीही नाही.

दिवाळी झाली आणि मुकादमाची गाडी फिरायला लागली. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी, एकाने तोडायचं आणि दुसऱ्याने मोळी बांधायची. नवराबायको मिळून एक कोयता. सविताने सांगितलं की ती येणार नाही. पहिल्या वर्षी वाळ्याला उन्हाळाभर पाणी लागतं, आणि तात्यांना घागर घेऊन तो उतार चढवत नाही.

"आन् मी कुनासंगं जाऊ?" अजिनाथने विचारलं.

ती म्हणाली, भिमाजी आहे. भिमाजी त्याचा चुलतभाऊ. त्याची बायको माहेरी निघून गेल्यापासून त्यालाही जोडीदार नव्हता. अजिनाथ ट्रॉलीत बसायच्या आधी तिच्याजवळ आला, आणि जे बोलायचं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"जित्तेपनी उसाच्या फडात तिला पानी पाजायला सवड न्हाई घावली तुला. आता पाज."

ते बोलताना त्याचाच चेहरा ओढल्यासारखा झाला. सविताने त्याचं गाठोडं ट्रॉलीत सरकवलं. तो जे म्हणाला ते ती स्वतःला रोजच म्हणत होती, फक्त दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती.

मग हिवाळाभर आणि उन्हाळाभर ती पाणी वाहत राहिली. वस्तीवर टँकर यायचा त्यातलं प्यायचं बाजूला काढून, धुण्याभांड्यांचं पाणी साठवून, ती घागर डोक्यावर घेऊन तिरकी तिरकी चढायची. शेजारच्या बायका आधी हळहळल्या, मग कुजबुजल्या, मग त्यांनी पाहणं सोडून दिलं. सूर्यभान खाली काठी घेऊन बसायचा आणि घायपातीवरून उडी मारणाऱ्या शेरडांना हाकलायचा. चैत्रात सगळा डोंगर करपून मातकट झाला तेव्हा त्या उतारावर मात्र आडव्या हिरव्या ओळी होत्या. लांबून रस्त्याने जाणारी जीपसुद्धा हळू व्हायची. सविता वर पोचली की कड्याजवळ थोडा वेळ बसायची. रडत नसे. तिथं बसल्यावर तिला जरा झोप आल्यासारखं व्हायचं, घरात रात्ररात्र न येणारी.

अजिनाथचे फोन यायचे ते सूर्यभानच्या मोबाईलवर. तो पाऊसपाण्याचं, जनावरांचं विचारायचा. शेवटी एकदा विचारायचा, "गवत?" सूर्यभान सांगायचा, "हाय. चांगलं हाय." तेवढ्यावर फोन बंद व्हायचा.

गुढीपाडव्याला तो परत आला, काळवंडलेला आणि हडकलेला. उतारावर मात्र गेला नाही. सविताने वाट पाहिली. आज जाईल, उद्या जाईल. तो सकाळी दारात बसून चहा प्यायचा तोसुद्धा डोंगराकडे पाठ करून. तिला वाटलं, ह्याला काही नाही. पोर माझी एकटीचीच होती.

आणि मग दुसऱ्या वर्षीचा तो भाद्रपद आला. असा पाऊस त्या भागाने पाहिला नव्हता. नद्या नसलेल्या गावांना नद्या आल्या. जामखेडकडे, खर्ड्याकडे, पाथर्डीभर शेतं तळी झाली, एसटी बंद झाली, तुरी उभ्या उभ्या कुजल्या. तीन दिवस उघडीप नव्हती. माथ्याखालचा चर भरला आणि मग फुटला. सविता पोतं डोक्यावर घेऊन पुन्हापुन्हा वर जायची, सूर्यभान तिला ओढून खाली आणायचा.

कडा गेला तो सकाळी, चांगलं उजाडल्यावर, तिघंही अंगणात उभी असताना. मोठा आवाज झाला नाही. आधी सीताफळाचं झुडूप वाकलं, जणू कुणी त्याला खालून हाक मारली. मग ते उभंच्या उभं सरकलं आणि त्याच्यामागं कडा, त्याच्यावरच्या वाळ्याच्या ओळींसकट, चिखल होऊन खाली आला आणि घरालगतच्या पट्टीत सबंधभर पसरला. डाव्या-उजव्या अंगाच्या ओळी जागच्या जागी राहिल्या. जिथं उतार मागे घेतलेला होता, तिथं वाळ्याने माती धरली होती. गेला तो फक्त मधला तुकडा.

सविता उभी होती तिथंच खाली बसली.

धावला तो अजिनाथ. मांडीपर्यंतच्या चिखलात तो शिरला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. फावडं घेईना, फावडं लागेल तिला, म्हणाला. दुपारी शेजारचे लोक आले, त्यांनीही हात लावला, पण तो गाळ पट्टीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत होता आणि पाणी अजून पडत होतं. कुठं शोधायचं हेच कुणाला कळेना. दुसऱ्या दिवशीही अजिनाथ उकरत राहिला. नखं फुटली, बोटांतून रक्त यायला लागलं. शेवटी सूर्यभान त्या चिखलात उतरला आणि त्याने पोराचे दोन्ही हात धरले.

"बास कर, बाळा. कुटं गेली न्हाई ती. आपल्याच रानात हाय."

तेव्हा अजिनाथ बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. सविताने ते ओसरीवरून पाहिलं आणि तिला कळलं की आपण वर्षभर ज्याला दगड समजत होतो तो माणूस किती दिवस हे रडणं आत धरून उभा होता.

संध्याकाळी ती गरम पाणी घेऊन त्याच्याजवळ बसली आणि त्याची बोटं धुवायला लागली. ती वाट पाहत होती की तो आता म्हणेल. हलवू म्हणालो होतो. तू ऐकलं नाहीस. त्याने म्हणावं असंच तिला वाटत होतं. म्हणाला असता तर निदान ते बाहेर येऊन पडलं असतं. त्याने दुसरा हात पुढे केला.

शेवटी तीच म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं."

"तू बी आईच हुतीस," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा बोलला. "मला दारातून दिसायची ती जागा. म्हून तिकडं पाठ करून बसायचो. वर आलो असतो तर मी तितंच ऱ्हायलो असतो. मग तुला कुनी संबाळलं असतं?"

सविता त्याचा हात हातात धरून बसली. पाणी केव्हाच गार झालं होतं.

पाऊस ओसरल्यावर निकिता मॅडम पंचनाम्यासाठी वस्तीवर फिरत होत्या, त्या आल्या. उताराच्या मधल्या लाल जखमेकडे त्यांनी वर मान करून पाहिलं. मग म्हणाल्या की आपण तेव्हा आणखी जोर धरायला हवा होता. सविता म्हणाली की तुम्ही सांगायचं ते सांगितलं होतं, नाही म्हणणारी मी. मॅडमनी बाजूचे ठोंब ओढून पाहिले. एकही हलला नाही. आता मधली जागा मोकळी झाली आहे, त्या चाचरत म्हणाल्या, आता तिथं उतार घेता येईल, आणि ह्याच ठोंबांची फूट काढून लावता येईल. खाली घर आहे, पुढच्या पावसात बाकीचा डोंगर त्यावर यायला नको.

त्याप्रमाणे अजिनाथ आणि सविताने ते केलं. ह्या वेळी कुणी कुठं पाय देऊ नये असं काही नव्हतं. अजिनाथ पुढे माती कापत गेला, सविता मागून ठोंब बसवत गेली, आणि काम गेल्याच वर्षी व्हायला हवं होतं तितकं सरळ, सोपं झालं.

अवघड होती ती खालची पट्टी. पाणी आटलं, गाळावर भेगा पडल्या, आणि रब्बीचे दिवस आले. येणारे-जाणारे म्हणायचे, डोंगराची नवी माती आलीय, ज्वारी फुटभर कणीस देईल. ट्रॅक्टरवाला दोनदा विचारून गेला. सूर्यभानने दोन्ही वेळा काहीतरी कारण सांगून त्याला परत पाठवलं. घरात कुणी नांगराचं नाव काढत नव्हतं.

एक दिवस सविता एकटीच पायी गावात गेली आणि मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली.

"ज्याला नांगर लागत न्हाई असं काय लावता यील?" तिने विचारलं. "वखरसुदिक नको. माती उकरायची न्हाई. फकस्त वरून धरून ठेवायची."

मॅडमनी हातातलं काम बाजूला केलं. मारवेल, त्या म्हणाल्या. डोंगरी गवतच ते, पण गोड. जनावरं आवडीने खातात. त्याचे ठोंब नुसते ओल्या मातीत दाबायचे, काठीने टोचलं तरी पुरे. एकदा लागलं की वर्षानुवर्षं राहतं, वरवर कापत राहायचं, मुळाला हात लावायचा नाही. सगळी जमीन झाकून टाकतं.

"झाकतं?" सविताने पुन्हा विचारलं.

"पूर्ण झाकतं, ताई."

मारवेल लावायला तिघांनाही फार दिवस लागले नाहीत. गाळ अजून आतून ओला होता. काठीने टोचायचं, ठोंब ठेवायचा, अंगठ्याने माती दाबायची. काठी कुणीच खोल घालत नव्हतं. अधूनमधून अजिनाथ थांबायचा, हाताखालची माती चाचपायचा, आणि पुढे सरकायचा. त्या पट्टीत त्यांना काही सापडलं नाही.

दिवाळीनंतर मुकादम आला तेव्हा त्याने अजिनाथला विचारलं की यंदाही भिमाजीबरोबरच का. अजिनाथने घराकडे पाहिलं. सविता ओसरीत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "यंदा मी बी येते."

मागच्या वर्षी पाणी घालायला कुणीतरी राहायला हवं होतं. मारवेलला पाण्याची गरज नव्हती, आणि वर कुठं जाऊन बसावं अशी आता एक जागाही उरली नव्हती. तिने गोधड्या बांधल्या, कोयते पोत्यात गुंडाळले, चूल सूर्यभानच्या हवाली केली. गाडी निघाली तेव्हा पट्टीत गवत बोटभर वर आलं होतं. ट्रॉलीतल्या एका नव्या सुनेच्या कडेवर लहान पोर होतं, ते सविताच्या नाकातल्या चमकीला हात घालत होतं. सविताने त्याला घेतलं, शालीत घट्ट गुंडाळलं, आणि त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास नीट चालतोय ना ते पाहत बसली.